वनपिंगळा आणि शाळेची निरीक्षणवही

(परिसर अभ्यास विषयाच्या शिक्षकांकरिता)

यावल तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. या रांगेतील सुमारे १७५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र १९६९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. साग, सालई, अंजन, धावडा, मोहा, तेंदू अशा वृक्षांचे हे कोरडे पानझडी वन आहे. सुकी, अनेर यांसारख्या नद्या व त्यांना मिळणारे अनेक नाले या वनातून वाहतात. पाल, जामन्या, लंगडा आंबा या बाजूच्या वस्त्यांतील मुले रोज या नाल्यांच्या काठाने गुरे घेऊन जातात, जळण आणतात व शाळेतही येतात. ज्या पक्ष्याच्या शोधासाठी जगातील नामवंत पक्षिशास्त्रज्ञ सातपुड्यापर्यंत आले, तो पक्षी या मुलांच्या परिसरातील आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळ शाळांना ठाऊक नसते. तो पक्षी म्हणजे वनपिंगळा होय.

परिसर अभ्यास शिकविताना पुस्तकातील उदाहरणे पुरेशी नसतात. मुलाच्या डोळ्यांसमोर असलेले उदाहरण सर्वांत प्रभावी ठरते, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. वनपिंगळ्याच्या निमित्ताने निरीक्षण कसे करावे, नोंद कशी लिहावी आणि खरे बोलणे हे शास्त्राच्या दृष्टीनेही किती मोलाचे असते, हे तिन्ही धडे एकत्र देता येतात. या लेखात प्रथम पक्ष्याचा इतिहास, नंतर त्याची ओळख व शेवटी शाळेत करावयाच्या कामाची आखणी दिली आहे.

१. एकशे तेरा वर्षांचे मौन

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगड राज्यातील बसना गावाच्या परिसरात एक लहान घुबड मिळाले. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली भारतीय राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ होत. पक्ष्यांचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा मोठा व्यासंग होता. पुढे खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा भागात या पक्ष्याचे आणखी काही नमुने मिळविले. १८७२ ते १८८४ या काळात एकूण अवघे सात नमुने गोळा झाले आणि त्यानंतर हा पक्षी जणू लुप्त झाला.

शंभराहून अधिक वर्षे कोणाही अभ्यासकास तो खात्रीने दिसला नाही. भारतातील व परदेशांतील थोर पक्षिशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला. पण शोध निष्फळ झाले. पक्षी नष्ट झाला असावा, असे अनेकांनी धरून चालले. अखेर अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. जुन्या नमुन्यांवर लिहिलेली स्थळे त्यांनी एकेक करून पाहिली. पूर्वेकडील स्थळी काही हाती लागले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ वनात, एका निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला त्यांना दिसला. त्याची छायाचित्रे व चित्रफीतही घेतली गेली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

यानंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या व अन्य संस्थांच्या अभ्यासकांनी सातपुड्यात पाहणी केली. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा व बऱ्हाणपूरकडील वने येथे हा पक्षी आढळला. यावल अभयारण्यातही त्याची नोंद झालेली आहे. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो दिसला, तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. कारण सह्याद्रीच्या बाजूस तो असेल, अशी अपेक्षा नव्हती. ही नोंद कोणा मोठ्या मोहिमेने केली नाही, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. पक्षी पाहण्याच्या हौसेने रानात हिंडणाऱ्यांनी ती केली. ते सावधपणे पाहत होते, आणि जे पाहिले त्याचे छायाचित्र व टिपण त्यांनी ठेवले, एवढेच.

अशीच गोष्ट आंध्र प्रदेशात घडली होती. जर्डनचा धाविक हा नदीखोऱ्याच्या झुडपी रानातील पक्षी सुमारे ८५ वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. अभ्यासकांनी गावोगाव त्याची चित्रे दाखवून चौकशी केली, आणि १९८६ च्या जानेवारीत एका स्थानिक ग्रामस्थाच्याच मदतीने तो पुन्हा सापडला. रान ज्यांच्या पायाखालचे आहे त्यांचे डोळे शास्त्राच्या उपयोगी पडतात, हा या दोन्ही उदाहरणांचा अर्थ होय.

२. खोट्या नोंदीचे मोल

वनपिंगळ्याच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, ते वरच्या वर्गांतील मुलांस अवश्य सांगावे. रिचर्ड माइनर्ट्सहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे वनपिंगळा मिळविला, असे नमूद केले होते. त्याच्या संग्रहातील तो नमुना लंडनच्या संग्रहालयाकडे गेला. अधिकारी प्रतिष्ठित, संग्रह मोठा. त्यामुळे या नोंदीवर विश्वास ठेवला गेला. १८८४ नंतरची ही एकच नोंद असल्याने पुढील शोधकांचे लक्षही तिकडे ओढले गेले.

रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. नमुन्यातील पेंढा भरण्याची व शिवण्याची पद्धत डेव्हिडसन यांच्या हातची होती. त्यावर नंतर पुन्हा काम करून तो निराळा भासविण्यात आला होता. संग्रहालयातील जुना नमुना उचलून त्यास खोटे स्थळ व खोटी तारीख जोडण्यात आली होती, असे त्यांनी १९९९ साली सप्रमाण प्रसिद्ध केले. १९९७ च्या मोहिमेत मांडवीची नोंद त्यांनी बाजूस ठेवली व विश्वसनीय स्थळांचाच माग घेतला. म्हणूनच पक्षी सापडला.

एका खोट्या चिठ्ठीने किती लोकांचे श्रम वाया गेले, याचा विचार करावा. उलट पक्षी, डेव्हिडसन यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेली स्थळे शंभर वर्षांनीही कामास आली. मुलाने वहीत लिहिलेली साधी नोंद हीसुद्धा अशीच एक चिठ्ठी आहे. ती खरी असेल तर केव्हातरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल; खोटी असेल तर कोणाला तरी वाट चुकवील. 'खरे बोलावे' हे सुवचन फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिले जाते. त्याचे इतके रोकडे उदाहरण क्वचितच मिळते.

३. पक्ष्याची ओळख

आपल्या भागात तीन लहान घुबडे परस्परांसारखी दिसतात. त्यांची नावेही पुस्तकापुस्तकांत थोडी बदलतात; म्हणून नावापेक्षा खुणांवर भर द्यावा.

पिंगळा : गावात, शेतातील विहिरीजवळच्या झाडावर, जुन्या वाड्यांत राहणारा. डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. संध्याकाळ झाली की जोडीने कलकलाट करतो. मुलांच्या परिचयाचा हाच होय.

जंगली पिंगळा : रानातला. डोके, पाठ, छाती अशा सर्वांगावर बारीक आडवे पट्टे असतात.

वनपिंगळा : सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा, आटोपशीर पण धष्टपुष्ट. डोके करडे-तपकिरी असून त्यावर ठिपके जवळजवळ नसतात. छाती गडद तपकिरी. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. पायांवर दाट पांढरी पिसे, नख्या मजबूत, डोळे पिवळे.

रंगापेक्षा वर्तनाची खूण मुलांच्या लवकर लक्षात राहते. बहुतेक घुबडे निशाचर असतात. वनपिंगळा मात्र दिवसा शिकार करतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर तो उघडपणे बसलेला असतो. सावज हेरताना शेपूट भरभर या बाजूस त्या बाजूस हलवितो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे, बेडूक हे त्याचे खाद्य. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा हंगाम असतो. जुन्या वृक्षाच्या ढोलीत मादी बहुधा दोन अंडी घालते, आणि अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू साधारणपणे महिनाभराने ढोली सोडते.

यावरून त्याच्या अडचणीचेही कारण उलगडते. त्याला घनदाट अरण्य नको, तसेच उघडे माळरानही नको. मोठ्या, पोकळ झाडांचे विरळ वन व त्याखाली सरडे-उंदीर वावरतील अशी गवताळ जमीन, असा मध्यम प्रदेश त्यास लागतो. नेमका असाच सपाट व नाल्यालगतचा भाग माणसालाही शेतीसाठी हवा असतो. पोकळ झाड लाकूड म्हणून निरुपयोगी, म्हणून ते प्रथम तोडले जाते. वणवा लागला की ढोली जळतात. जागतिक निसर्गसंवर्धन संघाने या पक्ष्याची गणना २०१८ पासून 'संकटग्रस्त' वर्गात केली आहे. त्यापूर्वी तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गात होता. संघाच्या अंदाजाप्रमाणे जगात त्याचे प्रौढ पक्षी एक हजाराहूनही कमी आहेत. हे सर्व मध्य भारतातच आहेत; भारताबाहेर वनपिंगळा नाही.

येथे एक पथ्य पाळावे. वनातील वस्त्यांतील पालकांचे जळण, चारा, मोहफूल, तेंदूपाने सर्व काही रानावर अवलंबून असते. वर्गात त्यांना दोषी ठरविण्याचा सूर चुकूनही लागू नये. 'तुमच्या बापाने झाड तोडले' असे ऐकून गेलेले मूल पुन्हा पक्ष्याविषयी बोलणार नाही. 'ढोलीचे झाड कोणाकोणाचे घर असते?' असे विचारावे. मूल ते घरी जाऊन सांगेल व पालकही ऐकतील.

४. शाळेत करावयाचे काम

पहिला टप्पा, ऐकणे : मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की, दिवसा दिसणारे लहान घुबड त्यांनी पाहिले आहे काय व त्यास पावरी, तडवी भिलांच्या किंवा अहिराणी बोलीत काय म्हणतात. मिळालेली नावे फळ्यावर लिहावी. मुलाच्या घरच्या बोलीतला शब्द शाळेच्या फळ्यावर आला, म्हणजे शाळा त्यास परकी वाटत नाही. हा लाभ पक्ष्याच्या ज्ञानाहून कमी नाही.

दुसरा टप्पा, गावच्या पिंगळ्याचा अभ्यास : दुर्मीळ पक्षी ओळखण्यापूर्वी नेहमीचा पक्षी नीट ओळखता आला पाहिजे. शाळेजवळच्या झाडावरील पिंगळा आठवडाभर पाहावा. त्याचे चित्र काढावे. झाडाखाली पडलेल्या त्याच्या गुठळ्या काडीने उकलून पाहिल्यास उंदरांची हाडे, किड्यांचे पंख सापडतात. नंतर हात साबणाने धुवावेत. पिंगळा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा टप्पा, निरीक्षणवही : एक जाड वही शाळेची म्हणून ठेवावी. तीत पुढील रकाने आखावेत : दिनांक, वेळ, ठिकाण व झाड, काय दिसले, काय ऐकले, किती वेळ पाहिले, पाहणाऱ्यांची नावे, न दिसलेल्या किंवा खात्री नसलेल्या गोष्टी. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होय. तो रिकामा ठेवणाऱ्यापेक्षा भरणाऱ्या मुलाचे कौतुक अधिक करावे.

नोंद घेताना शिक्षकाने प्रश्न कसे विचारावेत, याचा एक नमुना खाली दिला आहे.

विद्यार्थी : गुरुजी, मी वनपिंगळा पाहिला!
शिक्षक : छान. कोठे बसला होता तो?
विद्यार्थी : नाल्याच्या काठी, सालईच्या वाळक्या फांदीवर.
शिक्षक : वेळ कोणती होती?
विद्यार्थी : सकाळी शाळेत येताना. ऊन पडले होते.
शिक्षक : त्याचे डोके कसे होते?
विद्यार्थी : ठिपके नव्हते... म्हणजे, गुरुजी, तो तिकडे तोंड करून होता. डोके नीट नाही दिसले.
शिक्षक : मग काय दिसले?
विद्यार्थी : शेपूट हलवत होता. पाय पांढरे होते.
शिक्षक : शाबास. तेवढेच लिही. 'डोके नीट दिसले नाही' हेही लिही. नाव लिहिताना 'वनपिंगळा असावा' असे लिही.

या संवादात शिक्षकाने 'डोक्यावर ठिपके नव्हते ना?' असे विचारलेले नाही. उत्तर सुचविणारा प्रश्न विचारला की मूल शिक्षकास आवडेल तेच उत्तर देते, आणि नोंद तेथेच बिघडते. शिवाय 'असावा' हा शब्द वापरल्याने मुलाचा हिरमोड झाला नाही. उलट पुन्हा जाऊन डोके पाहण्याची उत्सुकता त्याच्या मनात निर्माण झाली. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती हीच.

चौथा टप्पा, पक्षी सप्ताह : अरण्यऋषी म्हणून ओळखले गेलेले मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्मदिन १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ज्या वर्षी हा आठवडा दिवाळीच्या सुटीत येईल, त्या वर्षी शाळा भरल्यावर वहीचे जाहीर वाचन ठेवावे. २५ नोव्हेंबर हा वनपिंगळा पुन्हा सापडल्याचा दिवस त्यास योग्य आहे. पालकांस बोलवावे व मुलांनीच नोंदी वाचून दाखवाव्यात.

५. घ्यावयाची काळजी

(अ) अभयारण्यात परवानगीवाचून मुलांना नेऊ नये. निरीक्षण शाळेच्या आवारातून, रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून करावे. पहाटे व तिन्हीसांजेस मुलांनी एकटे नाल्यात उतरू नये. बिबट्या व अस्वल यांचा वावर या रानात असतो.

(आ) घरटे असलेली ढोली सापडल्यास जवळ जाऊ नये, झाडावर चढू नये. भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरला असे समजून तो घरटे सोडून धावत येतो व पिल्ले उघडी पडतात.

(इ) ढोलीचे नेमके ठिकाण गावकट्ट्यावर किंवा भ्रमणध्वनीच्या गटांत प्रसृत करू नये. शाळेच्या वहीत ते असावे व महत्त्वाची नोंद वनरक्षकांस किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावी. मनुदेवी, पाल या बाजूंस पदभ्रमणास येणारे पाहुणे पक्ष्याविषयी विचारू लागले, तर मुलांनी त्यांना खुणा सांगाव्यात, वही दाखवावी. परंतु ढोलीची वाट दाखवू नये. अशा पाहुण्यांनी काही पाहिले असल्यास त्यांचेही टिपण वहीत अवश्य घ्यावे.

(ई) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने या पक्ष्यास संरक्षण दिलेले आहे. त्यास पकडणे, मारणे, त्याची अंडी काढणे हा गुन्हा आहे, हे मुलांस समजावून द्यावे.

६. अपशकुनाचा प्रश्न

घुबड घरावर बसले की मरण येते, अमावास्येस त्याच्या नख्यांनी धन मिळते, अशा समजुतींमुळे अनेक घुबडे मारली जातात. दिवाळीच्या सुमारास हे प्रमाण वाढते. या समजुतीस नुसते हसून ती जात नाही. मुलांकडून साधा हिशेब करवून घ्यावा : गावातील पिंगळा किती दिवस दिसला व त्या दिवसांत काय काय घडले? वही चाळली की ज्या दिवशी तो दिसला त्या दिवशीही शाळा भरली, गाय व्याली, पाहुणे आले, हे मुलांच्याच ध्यानात येईल.

आपल्या लोकजीवनात पिंगळ्याचा मानही आहे. पहाटे हातातील कुडमुडे वाजवीत दारी येणाऱ्या आणि शुभ भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यास लोक 'पिंगळा' म्हणूनच ओळखतात, व त्यास कोणी अशुभ मानीत नाही. लक्ष्मीचे वाहनही घुबडच आहे. एकाच पक्ष्याला एका घरी अशुभ व दुसऱ्या घरी शुभ म्हणतात, तेव्हा दोष पक्ष्यात नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे, हे वरच्या वर्गातील मुलांना सहज पटते.

७. समारोप

सातपुड्यातील प्रत्येक शाळेस वनपिंगळा दिसेलच, असे नाही. वर्षभर वही लिहूनही तो एकदाही न आढळणे शक्य आहे. तरीही काम वाया गेले असे मानू नये. 'या नाल्यावर वर्षभरात दिसला नाही' हीसुद्धा एक खरी नोंद असून अभ्यासकांना तिचा उपयोग होतो. दरम्यान मुले खंड्या, धोबी, कोतवाल, सुतार, सातभाई ओळखू लागतील. झाडांची नावे त्यांच्या तोंडी येतील. वाक्ये नेमकी लिहिण्याची सवय त्यांना लागेल.

शहाद्याजवळच्या त्या निष्पर्ण झाडावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बसलेला पक्षी काही आदल्या रात्री तेथे अवतरला नव्हता. जग ज्यास हरवलेला म्हणत होते, त्याच्या पिढ्या सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या उन्हात बसत आल्या होत्या, आणि त्या झाडांखालून माणसे जात-येत होती. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती वही नव्हती, आणि 'तू काय पाहिलेस?' असे त्यांना कोणी विचारलेही नव्हते. आज वाड्या-पाड्यांवर शाळा आहेत. तो प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून घेणे, एवढे काम प्रत्येक शिक्षकाच्या हातचे आहे. येत्या सोमवारी वहीचे पहिले पान आखून त्यास प्रारंभ करावा.